तेवीस दुकानांची भवानी

व्हिएतनाममधल्या चाउ डॉकच्या बाजारात पहाटे पाचला फळ्या निघतात. एके काळी त्या वेळी गाळेवाले गिऱ्हाइकाची वाट पाहत नसत. ते ताममावशीची वाट पाहत.

ताममावशी काही मोठी व्यापारीण नव्हे. बाजाराच्या नदीकडच्या तोंडाशी टोपली मांडून ती ताडगुळाच्या वड्या विकायची. आंबवलेल्या तांदळाच्या पिठात ताडगूळ आणि नारळाचं दूध घालून उकडलेल्या, पिवळ्याधमक, जाळी पडलेल्या. ताम म्हणजे आठ. आईबापांचं ती सातवं मूल, पण आमच्याकडे मोजणी दोनापासून सुरू होते. पहिलं म्हटलं की वाईट नजर आधी त्याच्यावरच पडते. तिचं खरं नाव लुआ, पण ते ओळखपत्रापुरतं उरलं होतं.

तिचा पायगुण चांगला, असं सगळा बाजार म्हणायचा. तिच्या हातानं भवानी झाली की माल दिवसभर हलतो. म्हणून वड्यांची टोपली मांडण्याआधी ती रिकाम्या हातानं गाळ्यांच्या ओळीतून जायची आणि पाळीपाळीनं तीन-चार गाळ्यांवर काहीतरी घ्यायची. मूठभर सुकी कोळंबी, पालेभाजीची एखादी पेंडी, शंभर ग्रॅम मुरवलेली मासळी. भाव करायचा नाही, माल चिवडायचा नाही, हसून पैसे द्यायचे आणि निघाल्यावर मागे वळून पाहायचं नाही, हे तिचे नियम. गाळेवाला ती नोट सगळ्या मालावरून फिरवायचा आणि मगच गल्ल्यात टाकायचा. कुणी म्हणालं, “मावशी, राहू द्या पैसे,” तर ती घेतलेली वस्तू परत ठेवायची.

“फुकटची भवानी ही भवानीच नव्हे,” ती म्हणायची. “माझ्या हातचा पैसा तुझ्या हातात पडला पाहिजे. नाहीतर मी नुसती सकाळची फिरायला आले.”

हे सगळं सुरू झालं किम थ्वाच्या गाळ्यावरून. किम थ्वा तेव्हा नुकती लग्न होऊन मासळीच्या गाळ्यावर बसू लागली होती. पाच दिवस एक बरणी हलली नव्हती. सहाव्या सकाळी पहिलीच बाई आली, तिनं चार बरण्या उघडायला लावल्या, नाक मुरडलं आणि काही न घेता गेली. किम थ्वानं कागदाचा बोळा पेटवला, गाळ्यासमोर ओवाळला आणि पाठमोऱ्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाली, “जड पाऊल जा, हलकं पाऊल ये.” धूर विरायच्या आत ताममावशी समोर उभी. तिनं शंभर ग्रॅम मासळी घेतली, पैसे दिले, गेली. दुपारी कान थोहून एक घाऊक व्यापारी आला आणि त्यानं अठ्ठावीस बरण्या उचलल्या. किम थ्वाच्या पोटात गोष्ट राहत नाही. संध्याकाळपर्यंत बाजारभर झाली.

नवरा गेला तेव्हा दीड वर्ष ताममावशी त्या ओळीत फिरकली नाही. “वर्ष झालं की मावशी, आता चालतं,” असं दोघातिघांनी सांगून पाहिलं. “तुमच्या पोटावर माझ्या दुःखाची सावली कशाला?” एवढंच ती म्हणाली. आजाराच्या साथीत बाजार बंद राहिला, तेव्हाही ती दोनच गोष्टींना मुकली. एक वड्या, दुसरी ही पहाटेची फेरी.

बाजार पुन्हा उघडला तो वेगळाच. प्रत्येक गाळ्यावर चौकोनी ठिपक्यांची पाटी उभी राहिली. गिऱ्हाईक फोन पुढे धरायचं, पाटीमागचा डबा मोठ्यानं पैसे आल्याचं सांगायचा. नोट हातात येईना, मग मालावरून फिरवायचं काय? सुक्या मासळीवाल्या बाईनं काही दिवस तो बोलका डबाच मालावरून फिरवून पाहिला. मग तोही नाद सुटला, कारण गिऱ्हाइकंच कमी येऊ लागली. लोक घरी बसून मागवत होते. बिन्ह झुओंगच्या कारखान्यांत गेलेल्या पोरीसुद्धा गावची मासळी हव्या त्या गावच्या दुकानातून फोनवर मागवत.

किम थ्वाची मुलगी दिएप कान थोला शिकून आली होती. तिनं फोनवरच्या मोठ्या बाजारात आईच्या नावानं दुकान काढलं. रोज दुपारी फोन तिकाटण्यावर लावून ती बरण्यांमागे बसायची आणि बोलायची.

“या ताई, या दादा! वास काही पडद्यातून येत नाही, म्हणून माझ्या आईचं तोंड बघून घ्या. पंचवीस वर्षं मासळी चाखून असं झालंय.”

“कार्टे, बंद कर ते!” मागून किम थ्वा ओरडायची. लोक हसायचे, पडद्यावर लाल बदामाची चित्रं पाठवायचे आणि निघून जायचे. नऊ दिवसांत एक मागणी आली नाही.

दहाव्या दिवशी किम थ्वा वड्यांच्या टोपलीपाशी येऊन उकिडवी बसली. “मावशी, दुकान उघडलंय आणि भवानीच झालेली नाही. कशी विकली जाणार मासळी?”

“मग मी येते की उद्या.”

“इथे नाही हो. फोनवर.”

ताममावशीकडे फोन होता. थोरल्या लेकीनं पाठवला होता, नातवंडांची तोंडं दिसावीत म्हणून. पण काचेवरून पायगुण कसा जायचा, हे तिला कळेना. “मी तुझ्या दारात येत नाही, तुझं तोंड बघत नाही. पाऊलच पडत नाही, तर गुण कसला?”

“आजी, अंगठा तुमचाच ना?” दिएप म्हणाली. “झालं तर.”

तरी मावशीनं ते नीटच केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तोंड धुऊन तिनं उंबऱ्याशी बसलेल्या भूमिदेवाला कॉफीचा पेला ठेवला, उदबत्ती लावली आणि दिएपनं दाखवलं होतं तसं शंभर ग्रॅम मासळीवर अंगठा दाबला. गाळा तिच्या घरापासून दोनशे पावलांवर. पण ती पुडी आधी कान थोच्या गोदामात गेली, तिथे शिक्के खाऊन परत आली आणि तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवाल्यानं दारात आणून दिली.

“आजी, दोनशे पावलं चालवत नाहीत का तुम्हाला?” त्यानं विचारलं.

“तू पेट्रोल जाळ, मी भवानी करते,” ती म्हणाली आणि त्याच्या हातात रोख पैसे ठेवले.

त्याच दुपारी दा नांगहून सहा बरण्यांची मागणी आली. त्यानंतर काय झालं ते सांगायला नको. किम थ्वाच्या पोटात गोष्ट राहत नाही.

महिनाभरात बाजारातल्या तेवीस गाळ्यांची फोनवर दुकानं झाली. ज्यांना जमेना त्यांना दिएपनं काढून दिली. आणि प्रत्येक दुकानाला भवानी हवी होती, तीही एकदा नाही. किम थ्वाच म्हणाली, “गाळा रोज उघडतो तसं हेही रोज उघडतं. रोज कोणीतरी पहिलं आलं पाहिजे.” तेवीस ठिकाणी रोज घ्यायचं म्हणजे वड्या विकणाऱ्या बाईचं काम नव्हे. मावशी म्हणाली, “पूर्वीसारखं पाळीनं घेईन.” पण पाळी थांबायला कुणी तयार नव्हतं. शेवटी गाळेवाल्यांनी आपसांत ठरवलं आणि सगळ्यांनी मिळून तिच्या फोनमधल्या पाकिटात पैसे घातले.

“आता तुम्ही फक्त अंगठा दाबायचा,” दिएपनं समजावलं.

ताममावशीनं फोन मांडीवर पालथा ठेवला. “पैसा त्यांचा. त्यांचाच पैसा त्यांच्याच घरी गेला. यात भवानी कुठे आली?”

“मावशी, शास्त्र काढू नका,” किम थ्वा म्हणाली. “तेवीस घरं तुमच्या अंगठ्याकडे डोळे लावून बसलीत.”

हे वाक्य ऐकून कुणाला बरं वाटणार नाही? ताममावशीलाही वाटलं. ती नाही म्हणू शकली नाही, आणि खरं सांगायचं तर तिला नाही म्हणायचंही नव्हतं. साथीच्या दिवसांत तिला वाटलं होतं की आपलं पाऊल आता कुणाला लागणार नाही. ते आता तेवीस ठिकाणी लागत होतं. पहाटे उदबत्ती लावून ती ओळीनं दाबत जायची. घरात पुड्यांचा ढीग पडला. शेजारपाजाऱ्यांना वाटून त्यांच्याही स्वयंपाकघरांना वास लागला.

चौथा चांद्रमास जवळ आला. साम डोंगरावरच्या देवीचा उत्सव म्हणजे आमच्या गावाचं वर्षाचं पोट. ज्यांना येणं जमत नाही ते या दिवसांत इथली मासळी मागवतात. किम थ्वानं तीनशे बरण्या भरून ठेवल्या. आणि त्या चौथ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तेवीसच्या तेवीस दुकानं एकाच वेळी बंद झाली.

पडद्यावर लाल पट्टी आली होती. दिएपनं ती बाजाराच्या मधोमध उभं राहून वाचून दाखवली. एकाच गावातली तेवीस नवी दुकानं, एकच गिऱ्हाईक, रोज एकाच वेळी, सर्वांत स्वस्त वस्तू. आणि पैसा दुकानदारांकडूनच त्या गिऱ्हाइकाकडे आलेला. फोनबाजाराच्या यंत्रानं हे खोट्या विक्रीचं कारस्थान धरलं होतं. दुकानं चौकशी होईपर्यंत बंद.

कारस्थान हा शब्द कुणाच्या फारसा डोक्यात शिरला नाही. ज्या अंगठ्यानं उघडलं त्याच अंगठ्यानं बंद झालं, एवढं मात्र लगेच शिरलं. सुक्या मासळीवाली बाई म्हणाली, “माणसाचा पायगुण काय जन्मभर पुरतो? फिरतोही.” ती हळूच म्हणाली, पण बाजारात हळू बोललेलं लांब जातं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ताममावशी नेहमीप्रमाणे ओळीतून निघाली. किम थ्वाची फळी अर्धीच निघालेली होती. आत दिवा होता.

“मावशी, आज जरा उशिरा या,” आतून आवाज आला.

“बरं,” ती म्हणाली आणि पुढे झाली. चार गाळे गेल्यावर तिला कागद जळल्याचा वास आला. मागे वळून पाहायचं नाही हा तिचाच नियम, म्हणून तिनं पाहिलं नाही. पण वासाला पाठ फिरवून उपयोग नसतो. ती टोपलीपाशी जाऊन बसली आणि त्या दिवशी वड्या देताना तिच्या हातून दोनदा हिशेब चुकला.

त्या दुपारी ती साम डोंगरावर गेली. देवीपुढे बसून आली. काय मागितलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

दिएपनं दुकानं उघडावीत म्हणून अर्ज केला होता. उत्तर आलं, की गिऱ्हाइकाशी बोलायचं आहे. दुपारी दोनला फोन येईल. दीड वाजताच किम थ्वानं ताममावशीला गाळ्यावर बोलावून घेतलं, खुर्ची दिली, शहाळं फोडलं. कागदाचा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही.

“हे बघा मावशी, सोपं आहे. म्हणायचं, सगळे पैसे माझे. ते पाकिटातले पैसे या लोकांनी माझ्या वड्यांचे दिले. मला मासळी आवडते म्हणून घेतली.”

“तेवीस दुकानांची? रोज?”

“हो.”

“रोज दोन किलो मासळी मी एकटी खाते म्हणू?”

“म्हणा की! फोनवर तुमची तब्येत कोण बघतंय?”

दिएपला हसू आलं. किम थ्वानं तिच्याकडे पाहिलं तेव्हा ते थांबलं. “उत्सव पंधरा दिवसांवर आलाय, मावशी. तीनशे बरण्या आहेत. सगळं तुमच्या एका शब्दावर आहे.”

फोन आला. पलीकडे एका मुलीचा आवाज होता, सायगॉनहून. दिएपनं तो मोठ्यानं लावला.

“आजी, तुम्ही या तेवीस दुकानांतून रोज का घेत होता?”

“भवानी करत होते.”

मग मुलगी म्हणाली, “माझी आई का-माउ शहरात टोपल्या विकते, आजी. मला कळतं. पैसे कुणाचे होते?”

किम थ्वानं ताममावशीच्या दंडाला हात लावला. ताममावशीनं तो हात तसाच राहू दिला.

“त्यांचे होते, पोरी. आधी माझे होते, तेव्हा ठीक होतं. मग इतकी दुकानं झाली की मला परवडेना, तेव्हा त्यांनी घातले आणि मी दाबत गेले. त्यांचा दोष नाही. त्यांना काय माहीत? नियम मला माहीत होता. दुसऱ्याच्या पैशानं भवानी होत नाही.”

“मला कळलं आजी. पण यंत्राला भवानी वगैरे कळत नाही ना, ते...”

“कळलं की,” ताममावशी म्हणाली. “मला पहिल्या दिवशी जे कळलं होतं तेच त्याला कळलं. मी गप्प बसले, ते बसलं नाही.”

निकाल चार दिवसांनी आला. फसवण्याचा हेतू नव्हता हे मान्य झालं; नाहीतर दुकानं कायमची जायची, असं दिएपनं सांगितलं. तेवीसही दुकानं महिनाभर बंद राहतील आणि मग उघडतील. गिऱ्हाइकाचं खातं मात्र कायमचं बंद. त्या अंगठ्यानं तिथे पुन्हा काही घेता येणार नव्हतं.

महिनाभर म्हणजे उत्सव हातचा गेला. किम थ्वा ताममावशीशी बोलेनाशी झाली. बाकीच्यांत दोन तट पडले. काही म्हणत, मावशीनं कायमच्या बंदीतून वाचवलं. काही म्हणत, दोन किलो मासळी खाते म्हणायला काय जात होतं? दिएप एकदा येऊन म्हणाली, “आजी, माझ्या मामीच्या नावानं नवं खातं काढून देते.” ताममावशीनं तिला एक वडी दिली आणि म्हणाली, “मामीचा पायगुण कसा आहे?” पोरगी काय समजायचं ते समजली.

पहाटेची फेरी मावशीनं आपणहून थांबवली. कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं, पण कुणी ये असंही म्हटलं नव्हतं.

उत्सवाला माणसं आली. डोंगरावर जाऊन येताना बाजारात शिरली, बरण्यांची झाकणं उघडून नाकं लावू लागली, भाव करू लागली. किम थ्वाच्या तीनशेपैकी एकशे नव्वद बरण्या गेल्या. उरलेल्या मासळीला काही होत नाही, ती आणखी मुरते. पण हे ती कबूल करेल तर ती किम थ्वा कसली!

महिन्यानं दुकानं उघडली. पहिल्याच सकाळी किम थ्वाच्या दुकानात मागणी आली. दा लाटहून, कुण्या हान्ह नावाच्या बाईची, दोन बरण्या.

“कोण आहे ही?” किम थ्वानं विचारलं.

“गिऱ्हाईक आहे, आई.”

“ते दिसतंय. हात कसा आहे तिचा? विधवा आहे, की पोटुशी आहे, की घरात सुतक आहे?”

“आई, मला तिचं नाव आणि गल्ली दिसते. बाकी देवीला माहीत.”

किम थ्वा बरण्या बांधत राहिली. उद्या दुसरीच कुणी येणार, परवा तिसरी. रोज एक अनोळखी पाऊल आणि त्याचं तोंड कधीच दिसायचं नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी पहाटे ती नदीकडच्या तोंडाशी आली. ताममावशी टोपलीवरचं केळीचं पान काढत होती.

“झाली का?” किम थ्वानं विचारलं.

“काय?”

“भवानी हो. तुमची.”

“अजून कुठली? आत्ता तर पान काढतेय.”

“इतकी वर्षं इथे बसता. तुमची कोण करतं?”

ताममावशीनं विचार केला. “कोण येईल तो. मी कधी बघितलं नाही.”

किम थ्वा उकिडवी बसली. ती यमाशीसुद्धा घासाघीस करेल असं बाजारात म्हणतात. तिनं दोन वड्या उचलल्या, भाव विचारला नाही, एक नोट दिली. पहिली वडी तिथेच तोंडात घातली. गूळ थोडा कमी पडला होता. तिच्या कपाळावर आठी आली आणि तोंड उघडलं. मग तिनं दुसरी वडी तोंडात कोंबली आणि शब्द गिळला.

“येते, मावशी,” ती भरल्या तोंडानं म्हणाली आणि उठून गाळ्याकडे गेली. जाताना एकदाही वळली नाही, आणि ते तिला किती जड गेलं हे तिच्या ताठ मानेवरून दिसत होतं.

त्या दिवशी वड्या साडेसातला संपल्या. एरवीही त्या साधारण तेव्हाच संपत.